एका तबल्यावर दोघे

मेडशीच्या शाळेतले शिपाई पंजाबराव पडघान यांच्या आयुष्यात छाती फुगवून सांगावी अशी एकच गोष्ट घडली होती, आणि नेमक्या त्याच गोष्टीवर त्यांच्या बायकोचा विश्वास नव्हता.

गोष्ट चौतीस वर्षांपूर्वीची. मेडशीच्या पंचशील गायन पार्टीची एक कॅसेट निघाली होती. अकोल्याच्या एका स्टुडिओत सगळ्यांनी मिळून एका दिवसात आठ भीमगीतं उरकली होती. गाणाऱ्या भागिरथाबाई, पेटीवर त्यांचा भाऊ, मागे कोरसला चार जण, आणि कॅसेटच्या कागदावर छापल्याप्रमाणे 'तबला : प्रल्हाद'. पंजाबरावांचं म्हणणं एवढंच होतं की हा कागद अर्धंच खरं सांगतो. प्रल्हादनं वाजवला तो उजवा तबला. डावा, म्हणजे डग्गा, वाजवला पंजाबरावांनी. एका जोडीवर दोन माणसं.

ऐकणाऱ्याला ही थाप वाटली तर त्यात ऐकणाऱ्याचा दोष नाही. तबला म्हटलं की माणूस एक आणि हात दोन, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पण पंचशील पार्टीची अडचण वेगळी होती. पार्टीचे खरे तबलजी पंजाबरावच. एकोणिसाव्या वर्षी ज्वारीच्या मळणीयंत्रात त्यांच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली आणि त्या दिवसापासून उजवा तबला मुका झाला. प्रल्हाद तेव्हा नुकता शिकत होता. त्याचा उजवा हात मोठा चटपटीत, पण डाव्याच्या नावानं बोंब. तेव्हा भागिरथाबाईंनीच तोडगा काढला की दोघांनी मिळून एक तबलजी व्हावं. अख्खा हिवाळा दोघं विहाराच्या ओट्यावर गुडघ्याला गुडघा लावून बसले. 'धा' वाजवायचा तर एकाची 'ना' आणि दुसऱ्याची 'घे' एकाच क्षणाला पडायला हवी. प्रल्हादच्या बोटांकडे बघत बघत पंजाबरावांना ते साधलं. इतकं साधलं की स्टुडिओवाल्यानं काचेपलीकडून वर पाहिलंसुद्धा नाही, आणि कागद छापताना नाव एकाचंच सांगितलं गेलं.

तीन वर्षांनी लीलाबाई लग्न होऊन घरात आल्या. पंजाबरावांनी पहिल्याच आठवड्यात त्यांना कॅसेट ऐकवली, कागद दाखवला आणि खरी हकीकत सांगितली. लीलाबाईंनी शहानिशा म्हणून जेवायला आलेल्या प्रल्हादलाच विचारलं. प्रल्हाद पडला गमत्या. तो तोंड गंभीर करून म्हणाला, "नाई वो वैनी, थो तं माह्या गादीची घडी सांभाळत होता." सगळे हसले. पंजाबरावही हसले. पुढच्या महिन्यात प्रल्हाद सुरतेला मागावर कामाला गेला, तिकडेच राहिला आणि काही वर्षांनी तिकडेच वारला. चेष्टा मात्र मागे राहिली, आणि ती परत घेणारं माणूस आता कुठून आणायचं.

पंजाबरावांनी पुरावा द्यायचा प्रयत्न कमी केला नाही. घरात टू-इन-वन होता तोवर त्यावर, तो बिघडल्यावर पोरगा सतीश यानं मोबाईलमध्ये भरून दिलेल्या गाण्यांवर, ते कान टवकारून बसत आणि बोट वर करत. "आता येते पाह्य. हा. हा आला." लीलाबाई ऐकत. मोबाईलमधून उजव्या तबल्याची टकटक यायची, भागिरथाबाईंचा चिरका झालेला आवाज यायचा, डग्ग्याचा पत्ता नसायचा. "कुठी आला?" लीलाबाई विचारायच्या आणि भाजी चिरायला लागायच्या. त्यात कुचकेपणा नव्हता. जे ऐकू आलं नाही ते ऐकू आलं म्हणणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, इतकंच. पण खरं सांगायचं तर पंजाबरावांना ते लागायचं. शाळेत हेडमास्तर रागावले तर ते घरी येईपर्यंत विसरत. हे विसरत नसत.

अशात सातव्या वेतन आयोगाचा अडकून पडलेला हप्ता जमा झाला. चाळीस हजार. घराला रंग झाला होता, पोरगी रूपा आपल्या घरी सुखी होती, सतीश पुण्यात कमावत होता. पंजाबरावांनी दोन दिवस मनाची तयारी केली आणि तिसऱ्या दिवशी जेवताना सांगून टाकलं की मला घरात गाणं ऐकायचं चांगलं यंत्र घ्यायचं आहे. बायको भडकणार अशी त्यांची खात्री होती. लीलाबाईंनी भाकरी मोडली, घास खाल्ला आणि म्हणाल्या,

"घ्या. पण एक डाव थे कॅसेट लावा, मी बसून ऐकतो. तुमचा डग्गा ऐकू आला तं आला. नाई आला तं मंग हा विषय या घरात पुन्हा काढाचा नाई. मरेपर्यंत नाई."

पंजाबरावांनी हो म्हटलं आणि मग आपण काय कबूल केलं हे त्यांच्या ध्यानात आलं. आत्तापर्यंत हरलं तरी उद्या पुन्हा बोट वर करता येत होतं. आता एकच डाव होता. पण माणूस मोठा विलक्षण असतो. त्या धास्तीच्या शेजारीच असा काही हुरूप उसळला की छप्पन्न वर्षांच्या पंजाबरावांनी दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीची घंटा चार मिनिटं आधी दिली आणि सगळ्या शाळेनं त्यांना मनोमन धन्यवाद दिले.

आता प्रश्न होता की चाळीस हजार लावायचे कशावर. या प्रश्नाला उत्तरांची वाण नव्हती. पहिलं उत्तर त्यांच्या भाच्याकडे, रवीकडे. रवीची साऊंड सर्व्हिस होती आणि मेडशीपासून किन्हीराजापर्यंत ज्या वरातीत खिडक्यांच्या काचा हलत, ती वरात रवीची. त्याच्या मते आवाज म्हणजे वॅट. पैसे सगळे मशीनवर, म्हणजे ॲम्प्लिफायरवर घाला, डबे, म्हणजे स्पीकर, कसलेही चालतात. बोलून थांबला नाही, मामाला गाडीपुढे उभं करून त्यानं एक गाणं सोडलं. पंजाबरावांच्या शर्टाची बटणं थरथरली. तोंडात 'वा' आलं होतं, पण तेवढ्यात त्यांच्या लक्षात आलं की ढोलकी असो, ताशा असो, की कोणाचा नुसता टाळ्यांचा ठेका असो, रवीच्या डब्यातून सगळ्याचं एकच धुम होऊन बाहेर येतंय. या धुममध्ये आपला डग्गा कोणता, हे खुद्द आपल्यालाही सांगता यायचं नाही.

दुसरं उत्तर पुण्याहून फोनवर आलं. सतीशचं म्हणणं की टीव्हीखाली ठेवायची एक लांब दांडी मिळते, साऊंडबार म्हणतात, तो घ्या, वायरींची कटकट नाही, मोबाईलवरून चालतो, पैसे निम्मे उरतात. पोरगं प्रेमानं सांगत होतं. पंजाबरावांनी ऐकून घेतलं आणि मोबाईलवरूनच चालतो म्हटल्यावर त्यांच्या मनात उगाच शंकेची पाल चुकचुकली.

तिसरं उत्तर वाशीमला होतं. बसस्टँडच्या मागच्या गल्लीत एक जुनं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. घरचा टू-इन-वन तिथंच दोनदा सुधरून आणलेला. म्हाताऱ्या मालकाची नजर गेल्यापासून दुकान त्याची मुलगी स्नेहा चालवत होती. जुने टेप, डेक, रेकॉर्ड प्लेअर घेऊन ती ठाकठीक करून विकायची आणि लोक थेट नांदेडहून तिच्याकडे यायचे. पंजाबरावांनी तिला मोबाईल दिला. तिनं कानाला मोठे हेडफोन लावले, डोळे मिटून एक गाणं पूर्ण ऐकलं आणि म्हणाली,

"काका, तुमी लाखाचे स्पीकर घेतले तरी उपयोग नाई. याच्यात डग्गा नाईच हाय."

पंजाबरावांचा चेहरा पाहून स्नेहानं घाईघाईनं स्टूल पुढे केलं. मोबाईलमध्ये नाही म्हणजे वाजवलाच नाही असं नव्हे, हे तिनं समजावून सांगितलं. सतीशनं गाणी उतरवली ती कुठल्या तरी नकलेच्या नकलेवरून, आणि घरघर काढायच्या नादात कोणी तरी जाड आवाजच छाटून टाकला आहे. मूळ कॅसेट असेल तर ती आणा. मग तिनं पैशाचा हिशेबही उलटा मांडला. आवाज निघतो ती जागा, म्हणजे डेक, आणि आवाज बाहेर पडतो ती जागा, म्हणजे स्पीकर, या दोन ठिकाणी पैसा घाला, त्यातही बाहेर पडतो तिथं जास्त. मधलं मशीन साधं, धड असलं की पुरे. वायरीवर तर एक रुपया जास्त घालू नका, घरातल्या बल्बाची वायर चालते. रवीनं सांगितलं त्याच्या हे बरोब्बर उलट होतं.

परतीच्या बसमध्ये पंजाबराव विचारात पडले. एकीकडे सख्खा भाचा, ज्याच्या आवाजावर तीन तालुके नाचतात. दुसरीकडे कालपरवाची पोरगी. वाटेवरचं मालेगाव मागे पडलं आणि त्यांना एकदम वाटलं की आपण दुसऱ्याच्या तोंडाकडे कशाला बघतोय. डग्गा काय असतो हे या दोघांपैकी कोणाला माहीत आहे? आपल्याला माहीत आहे. मग परीक्षा आपणच घ्यायची.

शनिवारची शाळा सकाळची. सुटल्याची घंटा देऊन पंजाबराव तडक घरी आले, माळ्यावरून स्वतःचा जुना डग्गा काढला, धोतराच्या फडक्यात बांधला आणि मूळ कॅसेट खिशात घालून बसस्टॉपवर उभे राहिले. लीलाबाई दारातून पाहत होत्या. दुकानातून वस्तू आणायला जाणारा माणूस घरातली वस्तू घेऊन कशाला चाललाय, हे त्यांनी विचारलं नाही. कंडक्टरनं मात्र विचारलं. गाठोड्यात काय आहे म्हटल्यावर पंजाबरावांनी फडक्यावरूनच एक 'घे' वाजवून दाखवली. मागच्या सीटवरच्या दोन म्हाताऱ्यांनी मान डोलावली आणि लगेजचं तिकीट टळलं.

दुकानात स्नेहानं आधी कॅसेट हातात घेतली. टेपला दाबून धरणारी आतली इवलीशी गादी गंजून पडली होती. तिनं बारके स्क्रू काढले, दोन्ही रिळं चिमटीनं उचलून एका नव्या खोक्यात बसवली आणि पुन्हा स्क्रू पिळले. पंजाबरावांनी तेवढा वेळ श्वास घेतला की नाही, देव जाणे. मग तिनं एक चांगला जुना डेक लावला आणि दोन जोड्या स्पीकर मांडले. एक जोडी कमरेएवढी उंच, चकचकीत, वाजताना निळे दिवे लागणारी. दुसरी लाकडी डब्यांची, तपकिरी, बघायला धान्याच्या पेटीसारखी. किंमत तपकिरीचीच जास्त होती, हे पाहून पंजाबरावांनी आधी नाक मुरडलं.

पण परीक्षा ती परीक्षा. त्यांनी फरशीवर मांडी घातली, डग्गा पुढ्यात घेतला आणि स्नेहाकडे तबल्याची एक चांगली रेकॉर्ड होती ती लावायला सांगितली. आधी चकचकीत जोडी. रेकॉर्डमध्ये डग्गा वाजला की हे इकडे आपला वाजवत. 'घे' तिकडची, 'घे' इकडची. मग तपकिरी जोडी. पुन्हा तसंच. बघता बघता दुकानापुढे पंधरावीस माणसं जमली. शेजारचा चहावाला किटली घेऊन आला तो हलेना. एकानं मोबाईल काढला. पंजाबरावांना कशाचं भान नव्हतं. डावं मनगट पुडीवर, म्हणजे डग्ग्याच्या कातड्यावर, सरकवत ते आवाजाला वर चढवत, खाली उतरवत, आणि डोळे मिटून ऐकत की डबा तसाच चढतो का, तसाच उतरतो का. चकचकीत जोडी चढत नव्हती न् उतरत नव्हती. ती नुसती दणका देत होती. तपकिरीला पोट होतं.

आणि त्या क्षणी त्यांना सगळं लख्ख कळलं. जन्मभर जे हाताला माहीत होतं तेच कळलं. डग्ग्याचा आवाज असतो पुडीत आणि भांड्यात. हात कितीही जोरात मारा, पुडी ढिली आणि भांडं हलकं असेल तर नुसता धपका निघतो. रवीचं मशीन म्हणजे हात. डबा म्हणजे पुडी न् भांडं. पंजाबराव इतके खूश झाले की त्यांनी तिथल्या तिथं एक तिहाई वाजवली आणि जमलेल्या लोकांनी टाळ्या पिटल्या.

त्यांची स्वतःची कॅसेटही त्यांनी तिथं लावून पाहिली. भागिरथाबाईंचा आवाज आला आणि त्यांच्या अंगावर काटा उभा राहिला. बाई कडव्याआधी श्वास घेत तोही ऐकू आला. डग्गा? वाटला खरा. पण बाहेर ऑटोंचे भोंगे, चहावाल्याची गिऱ्हाइकं, आणि मुख्य म्हणजे पंजाबरावांना तो ऐकू यायलाच हवा होता. अशा माणसाच्या कानाचा भरवसा नसतो, हे त्यांना स्वतःलाच समजत होतं. त्यांनी स्नेहाला विचारलंही नाही. नाही म्हणाली असती तर? सरळ पैसे मोजले. पंचवीस हजार तपकिरी डब्यांना, आठ डेकला, सहा ठाकठीक केलेल्या जुन्या मशीनला. उरल्या हजारात बल्बाची वायर, लीलाबाईंसाठी बालूशाही आणि बसभाडं.

सामान रवीच्या गाडीतून आलं. ते पाहून रवीचं तोंड उतरलं. रविवारी सकाळी त्यानंच वायरी जोडून दिल्या, पण सहा हजारांचं मशीन हातात धरून तो सारखा म्हणत होता, "मामा, तुमी फसले. याच्यावर तं बारसं बी होत नाई."

पंजाबरावांनी डबे कुठे ठेवावे? घरातल्या सगळ्यात मानाच्या जागी. समोरच्या भिंतीत कोपऱ्यापर्यंत गेलेलं शोकेस होतं, त्यात लीलाबाईंची स्टीलची भांडी ओळीनं चमकत होती. मधल्या फळीवरची भांडी सरकवून त्यांनी दोन्ही स्पीकर तिथं कोपऱ्यात दाबून बसवले. वर पत्रे, खाली गुळगुळीत फरशी. लीलाबाई पदर खोचून समोर बसल्या. रवी दाराला टेकला. पंजाबरावांनी हात पुसून कॅसेट लावली.

पहिल्याच ठेक्याला ताटांनी टाळ धरला. पेटी सुरू झाली तशी वाट्या किणकिणू लागल्या. पत्र्यांनी आवाज उचलला, फरशीवर आपटला, आणि खोलीत असा काही घुमारा उठला की त्यात भागिरथाबाई विहिरीतून गाताहेत असं वाटावं. डग्गा कसला, उजवा तबलाही कळेना. पंजाबरावांनी आवाज कमी केला, वाढवला, परत कमी केला. गाणं संपलं. रवी दाराशी पायानं माती उकरत उभा होता आणि 'मी सांगितलं होतं' हे न म्हणण्याचे कष्ट घेत होता.

पंजाबरावांनी डेक बंद केला. एक डाव ठरला होता आणि तो झाला होता. त्यांनी कॅसेट बाहेर काढली, डबीत घातली. यंत्र चांगलं आहे, गाणी ऐकू, असं काहीतरी बोलावं म्हणून ते वळले, तर लीलाबाई उठून शोकेसपाशी गेलेल्या. त्यांनी एक ताट काढलं, दुसरं काढलं, आणि मागे न बघता म्हणाल्या, "माह्या भांड्याइचा आवाज ऐकाले नवतो बसलो आपण. रवी, थे स्टूलं आण सैपाकघरातले."

मग जे सुरू झालं ते पंजाबराव नुसते बघत राहिले. लीलाबाईंनी सगळी भांडी आत पोचवली. स्पीकर फळीवरून उतरवून दोन स्टुलांवर, भिंतीपासून चांगले दोन हात पुढे घेतले. खाटेवरच्या चार गोधड्या उचलून दोन मागच्या भिंतीला खिळ्यांवर टांगल्या, दोन फरशीवर अंथरल्या. त्यांना कोणी हे शिकवलं नव्हतं. पत्र्याच्या घरात तीस वर्षं पोरं निजवलेल्या बाईला आवाज कुठून उडतो आणि कशानं दबतो हे विचारायला वाशीमला जावं लागत नाही. शेवटी त्यांनी पंखा बंद केला, दार लोटलं, रवीला आत बसवलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, "लावा आता. पह्यला डाव धरला नाई मी."

पंजाबरावांनी डबी पुन्हा उघडली. कॅसेट दोनदा उलटी गेली.

आवाज आला तो असा की रवी टेकला होता तो सरळ बसला. भागिरथाबाई दोन स्टुलांच्या मधोमध उभ्या होत्या. पेटी त्यांच्या डावीकडे. कोरसमधला एक जण जरा मागे. आणि सगळ्यांच्या खाली, जमिनीला धरून, एक गोल, भरदार आवाज चालत होता, मध्येच वर चढत होता, लडिवाळपणे खाली उतरत होता. पंजाबरावांनी बोट वर केलं नाही. ते बायकोच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. लीलाबाई फरशीकडे पाहत ऐकत होत्या. पहिलं गाणं झालं, दुसरं झालं. डग्गा होता, यात आता दुमत नव्हतं. पण मग पंजाबरावांच्या ध्यानात भलतंच आलं. डग्गा ऐकू आला म्हणजे काय सिद्ध झालं? प्रल्हादला दोन हात होते. दोन्ही त्यानंच वाजवले असं कोणी म्हटलं तर ऐकू येणारं सगळं तसंच ऐकू येईल. चाळीस हजार खर्चून त्यांनी प्रल्हादचा तबला घरी आणला होता.

तिसरं गाणं दादऱ्यात. शेवटच्या कडव्याआधी भागिरथाबाई एक लांब तान घेऊन थांबल्या, आणि ठेका पुन्हा उठला. लीलाबाईंनी हात वर केला. "थांबवा. मांगं न्या."

पंजाबरावांनी टेप मागे नेली. तान आली, बाई थांबल्या, ठेका उठला. लीलाबाईंनी पुन्हा हात केला. "अजून एक डाव."

तिसऱ्या वेळी पंजाबरावांनाही ऐकू आलं, आणि चौतीस वर्षं डोक्यातून पुसून गेलेला तो क्षण काचेसकट समोर उभा राहिला. बाईंनी तान ठरल्यापेक्षा लांबवली होती. प्रल्हाद बाईंकडे बघत होता. आणि पंजाबराव प्रल्हादच्या बोटांकडे. ती बोटं उठलेली दिसेपर्यंत पडलीसुद्धा होती. 'धा' एक पडायचा तो फाटला. 'ना' आधी आली, आणि तिच्यामागून केसभर उशिरा, धावत येऊन पंगतीत बसल्यासारखी, 'घे'.

लीलाबाई बोलल्या तेव्हा त्या रवीशी बोलत होत्या, पण पंजाबरावांना ते कळायला वेळ लागला.

"मी अन् माही जाऊ एका उखळात दोन मुसळं घालून हळद कांडत होतो. एकीचा हात मांगं राह्यला की अस्साच आवाज येते. एका माणसाचे दोन हात असे नाई चुकत बावा. हे दोघं हायत."

पंजाबराव एवढंच म्हणाले, "मांगं राह्यला थो माहा हात हाय."

"थे समजलं मले," लीलाबाई म्हणाल्या. त्यांनी पहिल्यांदाच नवऱ्याकडे पाहिलं, त्याच्या मांडीवर पडलेल्या डाव्या हाताकडे पाहिलं, आणि त्यांचे डोळे भरले. "प्रल्हाद भाऊजीनं फसवलं वो मले."

आपली चूक सापडली म्हणून इतका आनंद झालेला माणूस सगळ्या वाशीम जिल्ह्यात त्या सकाळी दुसरा नसेल. पंजाबराव रडत होते आणि हसत होते. रवी पुढे सरकून तपकिरी डब्यावर हात फिरवत होता आणि स्नेहाचं दुकान नेमकं कुठल्या गल्लीत आहे ते विचारत होता. लीलाबाईंनी पदरानं तोंड पुसलं, उठल्या, दार उघडलं आणि शेजारच्या अंगणात कपडे वाळत घालणाऱ्या कमलीबाईंना हाक मारली.

"अवं कमलीबाई, कपडे राहू द्या थे. इकडे या, बसा जरा. आमच्या यायनं तबल्यात कुठी चूक केली, थे दाखवतो तुमाले."